पर्याय येण्याआधी

प्रश्नांच्या दोन जाती असतात, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. ज्याला उत्तर ठाऊक नाही तो विचारतो ती एक जात, आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे तो विचारतो ती दुसरी. वाट चुकलेला प्रवासी पहिल्या जातीचा प्रश्न विचारतो. मास्तर, परीक्षक आणि उलटतपासणी घेणारा वकील दुसऱ्या जातीचा. दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा ही या दुसऱ्या जातीच्या प्रश्नाला मिळालेली सर्वांत झगमगीत गादी होय. पंचवीसहून अधिक वर्षे साहित्य शिकवण्यात घालवल्यावर त्या गादीचे आणि आमच्या खुर्चीचे नाते आम्हांला वाटत होते त्याहून बरेच जवळचे निघाले. ही त्याची हकिकत आहे, आणि थोडी कबुलीही.

प्रश्नाचा खेळ आपल्याकडे काही अँटेनावरून उतरलेला नाही. चार भाऊ तळ्याकाठी निष्प्राण पडले असताना यक्षाच्या प्रश्नांना उत्तरे देणारा युधिष्ठिर आपल्याला ठाऊक आहे. तिथे पणाला प्राण होते, आणि प्रश्न विचारणारा यक्ष अखेरीस युधिष्ठिराचा पिता धर्म निघतो, हेही ठाऊक आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात भेदिक शाहिरांनी एकमेकांना कूटप्रश्न घालून रात्री जागवल्या. उखाणे आणि कोडी घराघरांत होतीच. परंतु या साऱ्यांत प्रश्नकर्ता आणि उत्तर देणारा एकाच रिंगणात उभे असत. आज ज्याने विचारले त्याला उद्या उत्तर द्यावे लागे. प्रश्नकर्त्याने कधीच उत्तर द्यायचे नाही, त्याने फक्त हातातले कार्ड पाहून 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचे, ही व्यवस्था आधुनिक आहे आणि ती शाळेच्या वाटेने आली आहे.

भारतात खुल्या प्रश्नमंजूषेची सुरुवात 1967 मध्ये कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी केली, असे मानले जाते. नभोवाणीवर 1972 मध्ये हमीद सयानी यांनी 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' सुरू केली. 1975 मध्ये ते निवर्तल्यावर त्यांचे बंधू अमीन सयानी यांनी ती पुढे चालवली. त्याच 1972 च्या 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि त्या केंद्रावरून सबीरा मर्चंट यांचा 'व्हॉट्स द गुड वर्ड' हा शब्दांचा खेळ मुंबईकरांना दिसू लागला. ही सर्व नावे पुन्हा एकदा वाचून पाहावीत. कलकत्ता, मुंबई, इंग्रजी शाळा, इंग्रजी शब्द. ज्ञानाचा खेळ या देशात आला तो इंग्रजीचा सदरा घालून आला, आणि बराच काळ त्याने तो उतरवला नाही.

आमच्यापर्यंत तो पोचला 1985 मध्ये. 1982 मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे इतक्या वेगाने पसरले की आमच्या तालुक्याच्या गावीही गच्च्यांवर काटेरी अँटेना उगवले. दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' सुरू झाला तेव्हा आमच्या गल्लीत एकच संच होता, शेजारच्या काकूंकडे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. इतर मंडळी चित्रहार पाहायला येत; अण्णा 'क्विझ टाइम' पाहायला येत, आणि येताना दोनशे पानी वही आणि शिसपेन्सिल घेऊन येत.

पडद्यावर मोठ्या शहरांतील महाविद्यालयांचे विद्यार्थी बसलेले असत. त्यांच्या अंगावरचे स्वेटर, त्यांचे सहज इंग्रजी, चुकले तरी हसून एकमेकांकडे पाहणे, हे सारे आम्हांला उत्तरांपेक्षा अधिक अवघड वाटे. अण्णांचे इंग्रजी छापील होते, कानाचे नव्हते. प्रश्न सुटला की ते आमच्याकडे पाहत. आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकणारे मराठी शाळेतले पोर. निम्मे कळे, निम्मे आम्ही रचून सांगू. "काय म्हणाला रे तो?" हा अण्णांचा प्रश्न मात्र अस्सल पहिल्या जातीचा होता, हे आज जाणवते. त्या खोलीत एकट्यानेच तसा प्रश्न विचारायची त्यांना लाज वाटत नसे. वहीत डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला उत्तर, असे त्यांचे टाचण चाले. दुसऱ्या दिवशी ते प्रश्न मराठी होऊन त्यांच्या चौथीच्या वर्गात जात.

नव्वदच्या दशकाने खेळ बदलला. 'सुरभि'मध्ये सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे दर आठवड्याला एक प्रश्न विचारीत आणि देशभरातून पोस्टकार्डांची पोती लोटत. टपाल खात्याला पुढे स्पर्धांसाठी वेगळे, अधिक किमतीचे पोस्टकार्ड काढावे लागले. आमच्या घरातूनही ती कार्डे गेली. त्यात एक गोष्ट चांगली होती: उत्तर शोधायला आठवडा मिळे. अण्णा नगरवाचनालयात जाऊन विश्वकोशाचे खंड चाळीत. 1992 मध्ये झी वाहिनी आली, आणि पाठोपाठ अन्नू कपूर यांची 'अंताक्षरी'. वाड्यातल्या अंगणात, सहलीच्या गाडीत खेळला जाणारा खेळ पडद्यावर गुणफलकासह दिसला. उच्चभ्रूंसाठी 1998 मध्ये बीबीसी वर्ल्डवर 'मास्टरमाइंड इंडिया' आले, पुन्हा बसू यांचेच. म्हणजे गाणे हिंदीत आणि ज्ञान इंग्रजीत, अशी वाटणी झालेली होती.

ती वाटणी मोडली सोमवार, 3 जुलै 2000 रोजी रात्री नऊ वाजता. 'कौन बनेगा करोडपति' हा दोन वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश कार्यक्रमाचा भारतीय अवतार, आणि त्यामागचे निर्माते तेच, 'क्विझ टाइम'चे सिद्धार्थ बसू. ज्या गृहस्थांनी पंधरा वर्षांपूर्वी आमच्या अण्णांना इंग्रजीत अडवले होते त्यांनीच आता अमिताभ बच्चन यांच्या घोटीव हिंदीतून त्यांना आत घेतले. या कार्यक्रमाच्या यशाचे श्रेय एक कोटी रुपयांना आणि बच्चन यांना दिले जाते, ते योग्यच आहे. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याने तिसरी एक गोष्ट पाहावी. आधीच्या प्रश्नमंजूषा वेगाच्या होत्या. घंटा आधी दाबेल तो शहाणा. इथे सुरुवातीचा 'सर्वांत वेगवान बोटा'चा टप्पा ओलांडला की मूळ स्वरूपात वेळेचे बंधन नव्हते. खुर्चीतला माणूस मोठ्याने विचार करी. हे नसावे, कारण ते अमुक साली झाले; ते असू शकेल, कारण आजी असे म्हणत असे. हे नाटकातले स्वगत होते. सामान्य माणसाच्या डोक्यातला संशय, आठवण आणि मोह देश रोज तासभर ऐकत होता. आमच्या वाङ्मयप्रकारांपैकी फार थोड्यांना असा श्रोतृवर्ग लाभला आहे.

अण्णा तोवर निवृत्त झाले होते. घरी आमचा स्वतःचा संच होता. त्यांनी पहिल्या आठवड्यातच एक नियम केला: पडद्यावर चार पर्याय येण्याआधी बोलायचे. "पर्यायाआधी बोललास तर ते उत्तर," ते म्हणत, "नंतर बोललास तर ती नुसती ओळख." आईला हा नियम जाचक वाटे. "अहो, त्या बच्चनला चालतं, तुम्हाला का चालत नाही?" असे ती विचारी. अण्णा पुष्कळदा हरत, पण नियम सोडत नसत. कार्यक्रमात शिरण्यासाठी दूरध्वनी करावा लागे. अण्णांनी कित्येक संध्याकाळी तो क्रमांक फिरवला आणि तो कधीच लागला नाही. त्याबद्दल ते हळहळले नाहीत. बोटे दुखतात, एवढेच म्हणाले.

ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले तेव्हा मराठी घरांत दिवाळी लवकर आली. शेवटचा प्रश्न राज्यघटनेवरचा होता: संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा घटना कोणाला देते? उत्तर, महान्यायवादी. नवाथे त्या वेळी नागरी सेवा परीक्षेची तयारी करीत होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्पर्धापरीक्षेची अभ्यासिका आणि दूरचित्रवाणीचा मंच यांच्यामधली भिंत त्या रात्री पडली. यानंतर तालुक्याच्या गावांतून सामान्यज्ञानाची पुस्तके किराण्याच्या दुकानापर्यंत पोचली. दुसऱ्या वाहिन्यांनी नकला केल्या: 'सवाल दस करोड का', 'जीतो छप्पर फाड के'. बक्षिसाची रक्कम दहापट केली तरी प्रेक्षक आला नाही, कारण त्या प्रतींत पैसा होता, पण स्वगत नव्हते.

या सुमारास आम्ही कनिष्ठ अधिव्याख्याते म्हणून रुजू झालो होतो आणि साहजिकच या साऱ्याकडे नाक मुरडून पाहू लागलो होतो. 'माहिती म्हणजे ज्ञान नव्हे' हे वाक्य आम्ही त्या काळात किती परिसंवादांत उच्चारले, ते मोजता येणार नाही. 2004 मध्ये आदेश बांदेकर 'होम मिनिस्टर'मधून घरोघरी पैठणी घेऊन फिरू लागले तेव्हा तर आमच्या उपहासाला भरती आली. आज त्या उपहासाची थोडी शरम वाटते. त्या कार्यक्रमात चमचा-लिंबाचे खेळ होते, उखाणे होते, लाडीगोडी होती, हे खरे. पण तिथले 'भावोजी' ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला विचारीत, तुमचे लग्न कसे जमले, सासूबाई पहिल्यांदा काय म्हणाल्या, तुम्हाला काय करायचे राहून गेले. या प्रश्नांची उत्तरे विचारणाऱ्याला ठाऊक नव्हती. कुठल्या कार्डावर ती छापलेली नव्हती. एखादी बाई राहून गेलेले सांगताना थांबे आणि तिचा नवरा मान वळवून तिच्याकडे पाही. त्यालाही ते प्रथमच कळत असे. 2022 पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमाला आम्ही ज्ञानाच्या खेळांत कधी मोजले नाही. पण पहिल्या जातीचा प्रश्न आमच्या भाषेतल्या पडद्यावर इतका काळ टिकवला तो त्याने.

विकास स्वरूप यांची 'क्यू अँड ए' ही कादंबरी 2005 ची; तिच्यावरचा 'स्लमडॉग मिल्यनेअर' 2008 चा. त्या कथेचा कणाच हा आहे की प्रत्येक उत्तर नायकाला पुस्तकातून नव्हे, आयुष्यात बसलेल्या घावातून कळलेले असते. कथेत हे योगायोगाने घडते, पण त्यामागची इच्छा खरी होती. जगणे हीच पात्रता धरली जावी, असे लाखो लोकांना वाटत होते. पुढे 2011 मध्ये बिहारमधल्या मोतिहारीच्या एका तरुणाने पाच कोटी जिंकले, आणि 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बाई करोडपती झाल्या, तेव्हा त्या इच्छेला पडद्याबाहेरचे पुरावे मिळाले. मराठीत हा खेळ 2013 मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली आला, 2019 मध्ये नागराज मंजुळे त्या खुर्चीसमोर बसले. ज्ञानाच्या खेळाने इंग्रजीचा सदरा उतरवून मराठी पेहराव करायला एवढी वर्षे घेतली. अण्णा 2009 मध्ये गेले. त्यांना तो पाहता आला नाही.

आता कबुली. 2011 मध्ये आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने प्रश्नमंजूषा ठरवली आणि सूत्रसंचालन आमच्याकडे आले. आम्ही जाकीट घातले. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून विजेची घंटा आणली. चार पर्याय, तीस सेकंद, आणि 'लॉक करायचं?' हे पालुपद. ज्याची आम्ही दशकभर टिंगल केली तो सारा थाट आम्ही आनंदाने उचलला. अंतिम फेरीत प्रश्न होता: मराठीतील पहिली कादंबरी कोणती? 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला', 'मोचनगड', 'मधली स्थिती'. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी राहिली. शेतकऱ्याघरची, एस. टी.ने रोज येऊन-जाऊन शिकणारी. तिने पर्याय सांगितला नाही. ती म्हणाली, "सर, पहिली म्हणजे स्वतंत्र लिहिलेली की भाषांतर धरून? आणि 'यमुनापर्यटन'ला कादंबरी कशावरून म्हणायचं? त्यातली गोष्ट विधवांची स्थिती दाखवायलाच आल्यासारखी वाटते."

तिने पुस्तक वाचले होते. आमच्या त्या सभागृहात, आमच्यासकट, ते अलीकडे वाचलेला दुसरा कोणी नसावा. 1857 हे साल आम्हा सर्वांना पाठ होते. पुस्तक तिला ठाऊक होते. आम्ही काय केले? आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "पर्याय सांगा, पर्याय. इथे प्रश्न मी विचारायचे असतात." सभागृह खळखळून हसले. घंटा वाजली. दहा गुण गेले आणि तेवढ्यानेच तिचा संघ हरला. त्यानंतर दीड वर्ष ती आमच्या वर्गात होती, नियमित होती, पहिल्या तीन बाकांत बसत होती. तिने पुन्हा हात वर केला नाही. हे आमच्या तेव्हा लक्षात आले नाही. मागे वळून पाहताना आले, आणि मास्तराच्या बाबतीत मागे वळून पाहणे बहुधा उशिराचेच असते.

पुढच्याच वर्षी, जून 2012 पासून, अध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतली तिसरी, तोवर वर्णनात्मक असलेली प्रश्नपत्रिकाही बहुपर्यायी झाली. साहित्याचा शिक्षक होण्यासाठी साहित्यावर सलग एक परिच्छेदही लिहावा लागू नये, अशी स्थिती आली. आम्ही निषेधाच्या पत्रकावर सही केली आणि दुसऱ्या आठवड्यात मार्गदर्शन वर्ग सुरू केले. योग्य जोड्या लावा, विधान आणि कारण, कालानुक्रम लावा. त्या वर्गात आम्ही शिकवत असू: आधी पर्याय पाहा, दोन बाद करा, मग प्रश्न वाचा. अण्णांचा नियम आम्ही शब्दशः उलटा करून शिकवत होतो, आणि तो चालत होता.

जुने घर आवरताना 2014 मध्ये त्यांची वही सापडली. डाव्या बाजूचे प्रश्न भरलेले. उजव्या बाजूला पुष्कळ जागा कोऱ्या. इंग्रजी उत्तर कानांना पकडता आले नसेल तिथे त्यांनी अंदाज लिहिलेला नव्हता. रिकाम्या ओळीच्या कडेला बारीक अक्षरात एकच शब्द होता: 'विचारणे'. पानामागून पाने. एका शिक्षकाने आपल्याला काय ठाऊक नाही याची इतकी व्यवस्थित नोंद ठेवलेली आम्ही दुसरी पाहिली नाही. आमच्या स्वतःच्या टाचणवह्यांत तसा एकही शब्द नाही.

2019 मध्ये ती विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. परीक्षा उत्तीर्ण झाली होती, शेजारच्या तालुक्यात तासिका तत्त्वावर शिकवत होती. आम्ही मनाशी जुळवाजुळव केली आणि त्या दिवसाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ती गोंधळली. मग हसून म्हणाली, "नाही हो सर, उलट तुमचेच उपकार आहेत. त्या दिवशी मला कळलं की परीक्षेत असले विचार करत बसायचं नसतं. मी मुलांनासुद्धा तेच सांगते." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते.

दूरचित्रवाणीला दोष देऊन या लेखाचा शेवट करणे सोपे होते. वीस वर्षांपूर्वी आम्ही तसाच केला असता. पण पडद्यावरच्या सूत्रसंचालकाने निदान खुर्चीतल्या माणसाला मोठ्याने विचार करू दिला. आम्ही तीस सेकंदही दिले नाहीत. खेळाने खेळाचे काम केले. आम्ही वर्गाचे काम खेळाला देऊन टाकले.

तूर्त एवढेच करतो: दर गुरुवारच्या तासाला शेवटची दहा मिनिटे विद्यार्थ्यांनी त्यांना न कळलेले वहीच्या कडेला लिहावे आणि त्यापुढे 'विचारणे' असे लिहावे, अशी प्रथा ठेवली आहे. अंतर्गत मूल्यमापनात त्याला गुण नाहीत, त्यामुळे निम्मी मुले त्या वेळात बसस्थानकाकडे जातात. जी थांबतात त्यांच्यापुढे वर्षातून एकदा आम्ही तिचाच प्रश्न ठेवतो: 'यमुनापर्यटन'ला कादंबरी कशावरून म्हणायचे? तिच्या पत्त्यावर तोच प्रश्न मागच्या महिन्यात आम्ही पत्रानेही पाठवला आहे, खाली लिहून की आम्हांला याचे उत्तर ठाऊक नाही, तुम्हांला काय वाटते ते कळवावे. अजून पत्र आलेले नाही. वाट पाहत आहोत.